वाचक विचारतात : जर्मनीत हिवाळ्याचा मुक्काम कुठे ठोकावा?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली सात पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : हिवाळ्यात जर्मनीतल्या एकाच गावी राहायचे, रोज सामान बांधायचे नाही आणि सकाळी निघून संध्याकाळी परत यायचे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

आम्ही नवरा-बायको, चालायची चांगली सवय आहे. अजिंक्यताऱ्याची चढण रोजची. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नऊ-दहा दिवस जायचा विचार आहे. म्युनिक, हायडेलबर्ग आणि न्युरेंबर्ग यांत मन अडकले आहे. मुक्काम कुठे करावा? (सदर बझार, सातारा)

न्युरेंबर्गला करा.

कारण आधी उजेडाचे आहे, मग गावाचे. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे सूर्य आठ वाजता उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. साताऱ्यात त्याच दिवसांत अकरा तास उजेड असतो, तिथे जेमतेम सव्वाआठ. नऊला खोलीतून निघालात तर हाती सात तास. त्यातले अडीच तास गाडीत गेले की साडेचार उरले. आता खोलीपासून स्टेशन ट्रामने अर्ध्या तासावर असेल तर जाऊन-येऊन आणखी एक तास गेला. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा हा तास कुणाला जाणवत नाही. हिवाळ्यात तोच तास म्हणजे दिवसाचा पाचवा हिस्सा.

म्हणून गाव निवडताना तीन गोष्टी बघा. खोली ते मुख्य स्टेशन दहा-बारा मिनिटांची पायवाट असावी. स्टेशन जंक्शन असावे, म्हणजे चारी दिशांना गाड्या सुटाव्यात. आणि अंधार पडल्यावर परत आल्यावरही पायी फिरण्याजोगे काही गावातच असावे. कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव, पुणे असे सगळीकडे रेल्वेने जायचे असेल तर आपण मिरज जंक्शनला उतरू, तसाच हा हिशेब.

हायडेलबर्ग सुंदर आहे, पण तिथले मुख्य स्टेशन जुन्या गावापासून सुमारे तीन किलोमीटर दूर आहे. साताऱ्याचे स्टेशन माहुलीला आणि माणसाला जायचे राजवाड्यावर, तशी गत. रोज सकाळ-संध्याकाळ बस किंवा ट्राम आलीच. म्युनिक आल्प्ससाठी उत्तम. पण शहर मोठे, खोल्या महाग, आणि बांबेर्ग, रोथेनबुर्ग ही गावे तिथून लांब पडतात. डोंगरच बघायचे असतील तर म्युनिक, जुनी गावे बघायची असतील तर न्युरेंबर्ग.

न्युरेंबर्गच्या मुख्य स्टेशनातून बाहेर पडून समोरचा रस्ता ओलांडला की जुन्या गावाच्या तटाचा गोल बुरूज लागतो. तिथून क्योनिगश्ट्रासे या रस्त्याने सरळ चालत जा : लोरेंझ चर्च, मग पेग्निट्झ नदीवरचा पूल, मग हाउप्टमार्क्ट हा मोठा चौक. रमतगमत पंधरा मिनिटे. पुढे किल्ल्यापर्यंत आणखी दहा, चढाची. तुमच्या पायांना ती जाणवणारही नाही. हाउप्टमार्क्टवर रोज दुपारी बारा वाजता फ्राउएनकिर्शे चर्चच्या घड्याळातून सात बाहुल्या निघतात आणि सम्राट चौथ्या कार्लभोवती फेर धरतात. ते सात जण म्हणजे सम्राटाची निवड करण्याचा अधिकार असलेले राज्यकर्ते आणि आर्चबिशप. १३५६ च्या फर्मानाची ती आठवण. एक दिवस दुपारी गावातच असलात तर पाच मिनिटे आधी जाऊन उभे राहा.

खोली नदीच्या दक्षिणेला, लोरेंझच्या बाजूला घ्या. नदीपलीकडची, किल्ल्याच्या पायथ्याची वस्ती फोटोत जास्त देखणी दिसते. पण स्टेशन तिथून वीस-पंचवीस मिनिटे आणि सकाळी घाईत फरसबंदीवरून उतरायचे. स्टेशनच्या मागची, दक्षिणेची वस्ती स्वस्त आहे आणि अंतरही सोयीचे, पण संध्याकाळी बाहेर पडल्यावर गावात आल्यासारखे वाटत नाही.

तारखांचे म्हणाल तर नाताळ बाजार पहिल्या अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्याच्या, आधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला संपतो. २०२६ मध्ये तो शुक्रवार २७ नोव्हेंबरला येतो. बाजाराच्या काळात शुक्रवार ते रविवार खोल्यांचे दर चढतात. गावातला मुक्काम सोमवारी सुरू होईल असे बघा, आणि शनिवार-रविवारी गर्दी टाळून बाहेरगावी जा. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे खेळण्यांचे मोठे व्यापारी प्रदर्शन भरते. त्या आठवड्यात न्युरेंबर्गचा विचारच करू नका, खोली मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही.

मुंबईहून थेट विमान फ्रँकफुर्टला किंवा म्युनिकला उतरते. फ्रँकफुर्ट विमानतळाच्याच स्टेशनातून न्युरेंबर्गला वेगवान गाडीने सुमारे अडीच तास लागतात. या प्रवासाला स्वस्तातले, एकाच गाडीला बांधलेले तिकीट काढताना विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत तीन तास ठेवा. रेल्वेच्या चुकीने उशीर झाला तर ते बंधन सुटते. विमानाच्या उशिराने सुटत नाही, तिकीट वाया जाते.

तिकिटांची नावे वाचून डोके गरगरले. आम्ही चौघे आहोत. बायर्न-टिकेट घ्यावे, डॉइचलांड-टिकेट घ्यावे की रोजचे सुटे? (विश्रामबाग, सांगली)

चौघे असाल तर बायर्न-टिकेट. हे बव्हेरिया राज्यापुरते दिवसाचे तिकीट आहे. पहिल्या माणसाची मूळ किंमत, पुढच्या प्रत्येकामागे थोडी भर, असे पाच जणांपर्यंत. प्रादेशिक गाड्या, न्युरेंबर्गची मेट्रो, ट्राम, बस सगळे त्यात येते. आयसीई, आयसी या वेगवान गाड्या येत नाहीत. गाडीच्या नावाआधी आरई, आरबी किंवा एस असेल तर बसा.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. पहिली वेळेची : सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी नऊपासून चालते. ८:४० च्या गाडीत बसलात तर ते बिनतिकीट धरले जाते आणि दंड ६० युरो. शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी मध्यरात्रीपासून चालते. हिवाळ्यात आठपर्यंत अंधारच असतो, त्यामुळे नऊच्या अटीने काही बिघडत नाही. दुसरी चूक नावाची : तिकिटावर प्रवाशांची नावे लिहायची असतात आणि ओळखीसाठी पासपोर्ट जवळ लागतो. यंत्रातून छापील तिकीट काढले तर नावे पेनाने लगेच लिहून टाका, तपासनीस समोर आल्यावर नव्हे.

डॉइचलांड-टिकेट २०२६ मध्ये माणशी महिना ६३ युरो आहे आणि देशभरच्या प्रादेशिक गाड्यांत आणि शहरी बस-मेट्रोत चालते. एकट्यादुकट्याला, पाच-सहा सहली करायच्या असतील तर ते सोयीचे. पण ते कॅलेंडरच्या महिन्याचे असते. २६ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर असा प्रवास असेल तर दोन महिन्यांचे पैसे भरावे लागतात. शिवाय ते वर्गणीसारखे आपोआप पुढे चालू राहते. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. विकत घेतले त्याच दिवशी रद्द करून टाका, चालू महिना संपेपर्यंत ते वापरता येते. काही कंपन्या आपले क्रेडिट कार्ड घेतात, काहींना युरोपातले बँक खाते लागते. घेण्याआधी ते पाहा.

गाड्या शोधायला रेल्वेचे डीबी नॅव्हिगेटर हे अॅप पुरेसे आहे. त्यात 'फक्त प्रादेशिक गाड्या' हा पर्याय आधी निवडा, नाहीतर वरच्या दोन-तीन ओळींत आयसीईच दिसत राहतात. आणि इथून निघताना छापून नेलेल्या वेळांवर विसंबू नका. रेल्वेचे नवे वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या मध्यावर लागू होते. तुमचा प्रवास त्या तारखेला ओलांडत असेल तर पहिल्या आठवड्यातल्या वेळा दुसऱ्या आठवड्यात खऱ्या ठरतीलच असे नाही.

न्युरेंबर्ग नक्की केले. तिथून कोणती गावे, कोणत्या क्रमाने? रोथेनबुर्गला गाड्या बदलाव्या लागतात म्हणतात, जमेल का? (मिरज)

जमेल, फक्त तो पहिल्या दिवशी ठेवू नका. पहिल्या दिवशी बांबेर्गला जा. सरळ गाडी, बदल नाही. आरई गाडीने पाऊण तास लागतो. एस गाडी प्रत्येक स्टेशन घेत जाते, तिला तासभर. एक सूचना : तिकडच्या काही प्रादेशिक गाड्या वाटेत दोन भागांत सुटतात आणि प्रत्येक भाग वेगळ्या गावी जातो. डब्याच्या दारावरच्या पाटीवर तुमच्या गावाचे नाव आहे ना, हे बघूनच चढा. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावे लागते; थंडीत ते बंदच ठेवतात आणि नवखा माणूस फलाटावर वाट बघत राहतो.

बांबेर्गच्या स्टेशनपासून जुने गाव पंधरा-वीस मिनिटे. आधी टेकडीवरच्या कॅथेड्रलला चढून जा, उजेड असेपर्यंत. आत सम्राट दुसरा हेनरिक आणि राणी कुनिगुंडे यांची कोरीव समाधी आहे, आणि खांबाला लागून घोड्यावरचा दगडी स्वार. मग उतरून रेग्निट्झ नदीवर या. नदीच्या मधोमध, पुलावरच बांधलेले जुने नगरभवन आहे. चारच्या सुमारास दिवे लागले की ते पाण्यात उतरते. त्या वेळी पुलावर असलात म्हणजे दिवस बरोबर आखला. अॅडव्हेंटच्या दिवसांत तिथल्या चर्चांतून येशूजन्माचे देखावे मांडलेले असतात. आपल्याकडच्या गणपतीच्या आराशीसारखे घरोघर-दारोदार बघत फिरायचे.

रोथेनबुर्गला दोन बदल : न्युरेंबर्ग ते आन्सबाख, तिथून श्टाइनाख, आणि श्टाइनाखहून पंधरा मिनिटांची फाट्यावरची गाडी. एकूण सव्वा ते दीड तास. गडबड होते ती श्टाइनाखला. बदलायला मिनिटे थोडी, आणि मागची गाडी उशिरा आली की पुढची तासाने. छोट्या स्टेशनवर उघड्यात तास काढायचा तर थर्मासमध्ये गरम काही हवेच. गावात पोहोचल्यावर आधी तटावर चढा. वरून छप्पर असलेला लाकडी-दगडी फिरता मार्ग आहे, पण त्याचे दगडी जिने दुपारनंतर दव गोठून निसरडे होतात आणि अंधारात पायरी दिसत नाही. गल्ल्या, दुकाने, बाजार मागाहून, दिवे लागल्यावर.

व्युर्झबुर्ग पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा. सव्वा तास, आणि स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर बिशपचा राजवाडा. जिन्यावरच्या छतावर टिएपोलो या इटालियन चित्रकाराने १७५२-५३ मध्ये काढलेले जगाच्या चार खंडांचे चित्र आहे. जिना चढताना दर चार पायऱ्यांनी थांबून वर पाहा, तेव्हा ते एकेका खंडाने उलगडते. वर पोहोचून एकदम पाहिले तर निम्मे हुकते. हिवाळ्यात राजवाडा साडेचारला बंद होतो, दोनच्या आत आत शिरा.

रेगेन्सबुर्गलाही सव्वा तास. डॅन्यूबवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल आणि कॅथेड्रल, दोन्ही स्टेशनपासून पायी. आणि अर्धाच दिवस हाती असेल तर फ्युर्थ, काही मिनिटांवर. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे १८३५ मध्ये न्युरेंबर्गहून तिथेच धावली.

फलाटाच्या फळीवर तीन शब्द ओळखता आले की पुष्कळ झाले. 'ग्लाइस' म्हणजे फलाट, 'फेरश्पेटुंग' म्हणजे उशीर, 'फेल्ट आउस' म्हणजे गाडी रद्द. फलाट ऐनवेळी बदलतो, तेव्हा दहा मिनिटे आधी फळीवर पुन्हा नजर टाका. साठ मिनिटांहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचा पाव भाग, दोन तासांहून जास्त झाला तर निम्मा परत मागता येतो; सुट्या प्रवासाच्या तिकिटांना हा नियम उपयोगी आहे.

आईला बरोबर न्यायचे आहे. वय ६८, एका गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, सपाटीवर दोन-तीन किलोमीटर चालते. न्युरेंबर्ग तिला झेपेल का? (कऱ्हाड)

आईंसाठी न्युरेंबर्ग नको. किल्ल्याचा चढ टाळता येईल, पण फरसबंदी टाळता येत नाही, आणि बांबेर्ग व रोथेनबुर्ग दोन्हीकडे चढ-उतार आहेच. तुम्ही लाइपझिगला मुक्काम करा.

लाइपझिग सपाट आहे. जुने गाव एका गोल रस्त्याच्या आत मावते, या टोकापासून त्या टोकापर्यंत किलोमीटरच्या आत. मुख्य स्टेशन त्या गोल रस्त्याला लागूनच. हिवाळ्यातली त्याची खरी सोय म्हणजे जुन्या व्यापारी पेठांमधल्या छपराखालच्या गल्ल्या. एका गल्लीत शिरून दुसऱ्या रस्त्यावर निघता येते; पाऊस, वारा, निसरडे काही लागत नाही, बसायला जागोजागी कॉफीची दुकाने. थोमास चर्चमध्ये संगीतकार बाखची समाधी आहे, आणि तिथल्या मुलांचे गायन शुक्रवारी सहाला व शनिवारी तीनला असते, शाळेच्या सुट्या सोडून.

तिथून हाले अर्ध्या तासावर, एरफुर्ट वेगवान गाडीने पाऊण तास, ड्रेस्डेन तासाच्या थोडे वर. ड्रेस्डेनचा नाताळ बाजार १४३४ पासूनचा. साक्सन-टिकेट बायर्न-टिकेटसारखेच असून साक्सनी, साक्सनी-आनहाल्ट आणि थुरिंगिया अशा तिन्ही राज्यांत चालते. आईंसाठी मात्र दर दोन दिवसांनी एकच सहल धरा.

खोली घेताना 'लिफ्ट आहे का' एवढे विचारून थांबू नका. जुन्या इमारतींत लिफ्ट अर्ध्या जिन्यावरून सुरू होते. 'रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या' असे विचारा. तिकडचा पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा. न्हाणीघरात टबात पाय उचलून उतरायचे आहे की सपाट शॉवर आहे, हेही विचारा; गुडघ्याला तेच जड जाते. स्टेशनवर चढ-उतारासाठी मदत हवी असेल तर रेल्वेला आदल्या दिवशी कळवावे लागते.

थंडीचे कपडे किती आणि कोणते? आमच्याकडे महाबळेश्वरच्या थंडीपुरतेच आहेत. (वाई)

वेण्णा तलावाकाठी दव गोठते ती पहाट आठवा. फरक इतकाच, की तिथे दहा वाजता ऊन येते आणि जर्मनीत दिवसभर तेच. डिसेंबरात पारा साधारण उणे पाच ते अधिक पाच.

एक जाड कोट घालून आत सुती शर्ट, ही नेहमीची चूक. सुती कापड घाम धरून ठेवते. गाडीत वीस-बावीस अंशांत घाम येतो, बाहेर पडताच तोच गार पडतो. आतला थर लोकरीचा किंवा थर्मलचा, त्यावर फ्लीस, त्यावर मांडीपर्यंत येणारा, वारा-पाणी अडवणारा, टोपी असलेला कोट. आत शिरताच वरचे दोन थर काढायचे. छत्रीपेक्षा कोटाची टोपी कामाची.

पैसा खर्च करायचाच तर बुटांवर करा. थंडी अंगावरून येते त्याहून जास्त तळव्यातून चढते, विशेषतः बाजारात तासभर फरशीवर उभे राहिल्यावर. जाड मोजा घालून बसेल असा अर्धा नंबर मोठा, रबरी, खोल खाचांच्या तळाचा बूट घ्या आणि निघण्याआधी महिनाभर तो घालून यवतेश्वरचा किंवा पाचगणीचा रस्ता चाला. कोरा बूट घालून जाऊ नका. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते. खोलीतल्या रेडिएटरवरचा ३ हा आकडा सुमारे वीस अंशांचा; ५ वर फिरवल्याने खोली लवकर गरम होत नाही, फक्त जास्त तापते.

आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडेही नाही. काय खावे, काय न्यावे? (तासगाव)

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तिकडे तिला 'फेरियनवोनुंग' म्हणतात. एक वेळ खिचडी, एक वेळ बाहेर, असे धरा. बाहेर ब्रेझेल, भाजलेला बटाटा, लसणीच्या सॉसमधले मश्रूम बाजारात मिळतात. चीज घातलेले श्पेट्झले शाकाहारी म्हणून सांगतील, पण त्या शेवयांच्या पिठात अंडे असते. बटाट्याच्या थालीपिठासारखे जे तळून देतात त्यातही बहुधा असते, आणि लेबकुखन या मसाल्याच्या केकमध्येही. 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय, 'ओने आय' म्हणजे अंड्याशिवाय. दोन्ही सांगा, किंवा सरळ 'फेगान' मागा. मुलांना 'किंडरपुन्श' हे गरम पेय द्या, त्यात दारू नसते. कपाचे डिपॉझिट आधी घेतात, कप परत केला की मिळते.

दूध-खव्याचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला मनाई आहे, तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे आणि तूप घरीच ठेवा. ताजी द्राक्षेही नकोत, कागदपत्रे लागतात. तुमच्या गावचे बेदाणे, भडंग, मेतकूट, भाजणी खुशाल न्या. श्टाइनाखच्या फलाटावर मूठभर बेदाणे आणि थर्मासमधला चहा, याहून बरे काही नाही.

मुलांच्या सुट्या नाताळातच असतात. २२ डिसेंबर ते २ जानेवारी गेलो तर चालेल का? (गावभाग, सांगली)

चालेल, पण बाजार बघायला म्हणून जाऊ नका. बहुतेक २३ किंवा २४ तारखेला उठतात. न्युरेंबर्गला उतरल्या दिवशी, २३ ला संध्याकाळी बघून घ्या. २४ ला दुपारी दोननंतर दुकाने बंद होतात. २५ आणि २६ सुटी. २०२६ मध्ये २५ तारीख शुक्रवारी येते, २६ शनिवारी, आणि २७ ला रविवार, जेव्हा तिकडे दुकाने उघडतच नाहीत. म्हणजे सलग तीन दिवस. २४ ला सकाळीच दूध, पाव, भाजी, फळे, तांदूळ तीन दिवसांचे भरून ठेवा. अडलेच तर मुख्य स्टेशनातली एखादी-दुसरी दुकाने उघडी सापडतात, गर्दी मात्र फार.

गाड्या २५ आणि २६ ला सुटीच्या वेळापत्रकाने धावतात आणि बायर्न-टिकेट मध्यरात्रीपासून चालते. त्या दोन दिवसांत बांबेर्ग, रेगेन्सबुर्ग पायी फिरायला मोकळी असतात. चर्च उघडी, संग्रहालये पुष्कळशी बंद. व्युर्झबुर्गचा राजवाडा २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतो, म्हणून तो २८ ते ३० मध्ये बसवा. मुलांना बर्फच हवा असेल तर न्युरेंबर्ग त्यासाठी नव्हे. मग मुक्काम फ्रायबुर्गला हलवा : स्टेशनपासून जुने गाव दहा मिनिटे, आणि तिथून ब्लॅक फॉरेस्टमधल्या टिटिझेला चाळीस मिनिटांत गाडी. गावात धुके असले तर १२८४ मीटर उंच शाउइन्सलांडवर रोपवेने जा. पुष्कळदा खाली ढग आणि वर लख्ख ऊन असते. निघण्याआधी सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्याचे चित्र मोबाइलवर बघा आणि मगच तिकीट काढा.